सोफा आधी उलटा करा

जुना सोफा बघायला जाताना माझ्या पिशवीत टॉर्च, मोजपट्टी आणि दाभण असतं. दुकानदारांना दाभण आवडत नाही. ते कापडावरून हात फिरवून दाखवतात, पाठीवरचं कोरीवकाम दाखवतात. आपण एवढंच म्हणायचं, ‘जरा उलटा करून दाखवा.’ आढेवेढे घेतले तर पुढच्या दुकानात जायचं.

सोफ्याचा खरेपणा त्याच्या पोटाखाली कळतो. तिथलं कापड सुटलेलं असेल तर टॉर्च आत घाला. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि त्यांच्याखाली पिठासारखा बारीक भुगा दिसला, तर लाकडात भुंगा आहे. भोकं जुनी आहेत की किडा अजून आत जिवंत आहे, हे ओळखायला सोफ्याखाली काळा कागद पसरून ठेवावा. दोन-तीन दिवसांत ताजा भुगा पडला तर उत्तर मिळालं. मग दाभण लावून बघायचं. सहज रुतलं तर तो दांडा गेलेला असतो.

‘सगळा बर्मा टीक आहे’ हे वाक्य प्रत्येक दुकानात ऐकू येतं. सागाचा गाभा वाळवीला आणि भुंग्याला दाद देत नाही, हे खरं. पण सागाच्याच बाहेरच्या फिकट भागाला भुंगा लागतो. शिवाय दिसणारे हात-पाय सागाचे आणि कापडाखालचा सांगाडा हलक्या लाकडाचा, हा प्रकार आजचा नाही, जुने सुतारही तो करत. म्हणून पायांवरून लाकूड ठरवू नका.

वयाचंही तसंच. मुंबईत मटण स्ट्रीटवर किंवा जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात ‘व्हिक्टोरियन’ म्हणून दाखवलेल्या खुर्चीचे स्क्रू बघा. डोक्यावर अधिकच्या चिन्हाची खाच असलेला स्क्रू 1930च्या दशकात बाजारात आला. राणीच्या काळातल्या खुर्चीत तो असेल तर निदान एक दुरुस्ती तरी नंतरची आहे. सगळेच तसे असतील तर खुर्चीच नंतरची. पाडलेल्या इमारतींच्या जुन्या तुळयांपासून बनवलेलं नवं फर्निचर वाईट नसतं, बऱ्याचदा लाकूड उत्तम असतं. फक्त त्याला अँटिकचा भाव देऊ नये.

मला स्वतःला व्हिक्टोरियन नक्षीकामापेक्षा 1930-40च्या दशकांतले आर्ट डेको सोफे आवडतात. गोल वळलेले रुंद हात, बुटकी पाठ, कडेला सागाची पट्टी. मरीन ड्राइव्ह, शिवाजी पार्क, माटुंग्याच्या इमारती ज्या काळात उभ्या राहिल्या त्याच काळातलं हे फर्निचर. आज त्यातल्या कितीतरी इमारती पुनर्विकासाला गेल्या आहेत आणि नव्या फ्लॅटच्या दारातून हे सोफे आत जात नाहीत, म्हणून ते बाजारात येतात. (दाराची रुंदी आधी मोजा. लिफ्टचीही.) माझा सेट असाच एका रिकाम्या होणाऱ्या घरातून आला. सांगाडा ठणठणीत होता, कापड मात्र फाटलेलं, बैठक एका बाजूला खचलेली. ओळखीतून एक सोफावाला मिळाला. त्याने कापड थोडं उचकटून आत पाहिलं आणि म्हणाला, ‘ये सब कचरा है मॅडम, नया डाल देंगे.’

तो कचरा काय असतो, ते सांगते. जुन्या पद्धतीच्या बैठकीत सगळ्यात खाली जाड पट्टे ताणून आडवे-उभे विणलेले असतात. त्यांवर डमरूच्या आकाराच्या स्प्रिंगा शिवलेल्या. प्रत्येक स्प्रिंग सुतळीने शेजारच्या स्प्रिंगांना आणि चौकटीला आठ दिशांनी बांधलेली, म्हणजे वजन एका जागी पडलं तरी सगळी बैठक मिळून ते घेते. वर गोणपाट, मग काथ्या किंवा घोड्याचे केस, मग कापसाचा थर, कोरं कापड आणि शेवटी आपल्याला दिसतं ते कापड. खचलेल्या सोफ्यात बहुतेक वेळा स्प्रिंगा शाबूत असतात. सुतळी कुजलेली असते आणि पट्टे सैल झालेले असतात. ती दुरुस्ती होते.

आमच्याकडे सोफा सजून परत आला तेव्हा दिसायला झकास होता. आई बसली आणि तिचे पाय जमिनीला टेकेनात. सोफावाल्याने स्प्रिंगा काढून चौकटीवर प्लायवूड ठोकलं होतं आणि त्यावर जाडजूड फोम. साडेसोळा इंचांची बैठक वीस इंचांवर गेली होती. बैठक वर आली म्हणजे हात खाली गेले; कोपर टेकायला वाकावं लागे. पाठीचा उतारही बदलला. प्लायवूड ठोकताना मोठे खिळे मारल्याने समोरचा दांडा लांबीला तडकला होता, आणि ते वरच्या कापडामुळे लगेच कळलं नाही. स्प्रिंगा परत मागितल्या, तर त्या भंगारात गेल्या होत्या.

पुढे दुसऱ्या, जुन्या पद्धतीचं काम येणाऱ्या कारागिराने दांडा सांधला, नव्या स्प्रिंगा बांधल्या. खर्च दुप्पट झाला. तो माणूस बोलायला तुसडा होता, पण काम सुरू करण्याआधी त्याने आईला एका स्टुलावर बसवून गुडघ्यापर्यंतची उंची मोजली. तेव्हापासून मी कारागीर निवडताना एवढंच बघते: तो माप कापडाचं घेतो की बसणाऱ्याचं?

काम देताना काही गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात. बैठकीची उंची, खोली आणि हाताची उंची काम झाल्यावर किती हवी, ते आकड्यांत. उंची मोजायची ती माणूस बसून बैठक दबल्यावर; मोकळ्या सोफ्याचं माप फसवतं. काढलेलं सगळं सामान, अगदी फाटकं कापडसुद्धा, आपल्याला परत हवं. जुनं कापड हा नव्या कापडाचा खाका असतो. उघडल्यावर आणि प्रत्येक थर बसवल्यावर फोटो पाठवायला सांगा. फोम घालायचाच असेल तर स्प्रिंगांच्या वर पातळ थर पुरतो, आणि तो बैठकीला 40 घनतेचा मागावा. पाठीला त्याहून मऊ चालतो. तुकडा समोर कापून घ्यायचा. एकदा कापड चढलं की आत काय आहे हे पुढची काही वर्षं कळत नाही.

कापडाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. तीन माणसांच्या सोफ्याला 54 इंच पन्ह्याचं दहा-बारा मीटर लागतं, मोठी नक्षी जुळवायची असेल तर आणखी. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत नकली चामडं टाळा. काही पावसाळ्यांत त्याचे पापुद्रे सुटून कपड्यांना चिकटतात. जाड सुती किंवा सुती मिश्रण बरं. मखमल देखणी दिसते, पण मांजर असलेल्या घरात नको.

पॉलिशवाला मात्र डोळ्यांत तेल घालून निवडा. जुन्या लाकडावर बहुधा लाखेचं पॉलिश असतं. दडलेल्या जागी स्पिरिटचा बोळा फिरवला की लाख विरघळून बोळ्याला लागते. असं असेल तर तासून मेलामाइन किंवा पीयू मारायला सांगू नका. लाखेवर गरम कपाचा पांढरा डाग पडतो हे खरं, पण तो तेवढ्या जागीच दुरुस्त होतो. पीयूला चरा गेला तर बहुधा पूर्ण पृष्ठभागच काढावा लागतो.

वेताच्या बैठकीचा हिशेब वेगळा. चौकटीत ओळीने भोकं असतील तर ती हाताने विणलेली आहे. सलग खाच असेल तर तयार जाळी दाबून बसवलेली. दुसरं काम स्वस्त आणि झटपट. पहिल्याला विणकर लागतो. अंधांच्या शाळांमधून पूर्वी हे काम शिकवलं जाई. अंधांच्या संस्थांत आजही चौकशी करून बघावी. इराणी हॉटेलांतल्या वेताच्या बैठकीच्या, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या आता भरपूर विकायला येतात. थोनेट कंपनीने 1859मध्ये काढलेली त्यातली मूळ खुर्ची सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट एवढ्यांचीच होती, म्हणून सुटी करून जहाजाने कुठेही जाऊ शकली. पण ते लाकूड बीचचं, साग नव्हे. भुंग्याला ते फार आवडतं. वेत काढून प्लायवूड ठोकलेलं असेल तर खालची भोकं बघा. ती शाबूत असली तर वेत परत येऊ शकतो.

परदेशी राहणाऱ्या मंडळींसाठी एक गोष्ट. माझ्या भाचीला आजोबांची शिसवी आरामखुर्ची न्यू जर्सीला न्यायची होती. 1972च्या पुरातन वस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. वय त्याहून कमी असलं, तरी वस्तू जुनी दिसत असेल तर पुरातत्त्व खात्याकडून तसा दाखला घ्यावा लागतो. शिवाय शिसव 2017पासून साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियंत्रित यादीत आहे, त्याचे कागद वेगळे. सामान हलवणारी मंडळी हे आपणहून सांगतीलच असं नाही, तेव्हा कंटेनरचे पैसे भरण्याआधी विचारून घ्या.