शटरवर दुसरं कुलूप दिसलं तर? भाड्याचं दुकान आणि जागामालकाचा त्रास



भाड्याच्या दुकानावरच्या व्हिडिओत करारापर्यंत आलो आणि वेळ संपली. मालक त्रास द्यायला लागला तर काय करायचं, हे राहूनच गेलं. मोलगीसारख्या गावात आपल्यातले बरेच जण तोंडी बोलण्यावर गाळा घेतात, म्हणून ते इथे सविस्तर लिहितोय. मीही तसाच घेतला होता.

होळीच्या आधीचा बाजार होता. पाड्यापाड्यांवरून माणसं खरेदीला उतरतात, आणि माझा वर्षातला मोठा धंदा त्याच दिवसांत होतो. उधारीवर माल भरून ठेवला होता. सकाळी येऊन बघतो तर माझ्या कुलपाशेजारी दुसरं कुलूप! जागामालकांना फोन केला. "भाडं वाढवून दे, मग उघडतो," म्हणाले. थकबाकी एक रुपयाची नव्हती. पण चार वर्षं भाडं रोख दिलेलं, पावती एकही नाही, करार नाही. बीबीएला आम्हाला दुकानाच्या जागेवर अख्खा धडा होता, जागामालकावर एक ओळ नव्हती! मी हातोडी आणायला निघालो, तर शेजारच्या दुकानदार काकांनी हात धरला. "तोडलंस तर भांडखोर तू ठरशील. आधी फोटो काढ." संध्याकाळी गावातल्या चार माणसांसमोर कुलूप निघालं. तोपर्यंत बाजार उठला होता.

हे असं का होतं ते समजून घ्या. तुम्ही स्वतःहून जागा सोडत नसाल, तर ती रिकामी करून घ्यायला मालकाला कोर्टात जावं लागतं. त्यात वेळ जातो, पैसा जातो. त्रास देणं स्वस्त पडतं. तुम्ही वैतागून स्वतःच किल्ली द्यावी, एवढाच डाव असतो.

आता त्रास कशाला म्हणायचं? थकलेलं भाडं मागणं, मुदत संपताना वाढ मागणं, लेखी नोटीस देणं, सांगून जागा बघायला येणं हा त्रास नाही, तो त्याचा हक्क आहे. पण वीज-पाणी तोडणं, शटरसमोर विटा-रेती टाकून ठेवणं, गिऱ्हाईक उभं असताना येऊन आरडाओरडा करणं, बोर्ड काढणं, कुलूप लावणं हा त्रासच. आणि सगळ्यात फसवा प्रकार असतो गोड बोलण्याचा. "राहू दे रे, भाडं नंतर घेतो." दोन-तीन महिने असे जातात आणि मग हाच माणूस सांगतो, हा भाडं देत नाही. मालक भाडं घेत नसेल तर त्याच महिन्यात त्याच्या खात्यावर टाका, ऑनलाइन पाठवताना महिना लिहा. तेही परत आलं तर पत्र पाठवा.

पत्राला घाबरू नका, वकिली भाषा लागत नाही. एवढं पुरे: "मी अमुक ठिकाणच्या गाळ्यात अमुक तारखेपासून भाड्याने दुकान चालवतो. दरमहा भाडं अमुक रुपये आहे. या महिन्याचं भाडं द्यायला मी अमुक तारखेला आलो, आपण घेतलं नाही. मी ते द्यायला तयार आहे. कृपया खाते क्रमांक कळवा." स्पीड पोस्टने पाठवा, पावती आणि पत्राची प्रत जपून ठेवा.

कायद्याचं बोलू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ दुकानांनाही लागू आहे. कलम २६ प्रमाणे भाड्याची लेखी पावती द्यावीच लागते. कलम २९ प्रमाणे वीज-पाण्यासारख्या आवश्यक सोयी योग्य कारणाशिवाय तोडता येत नाहीत. थकबाकीसाठी दावा लावायचा तर आधी लेखी नोटीस देऊन नव्वद दिवस थांबावं लागतं. पण थांबा! हा कायदा परिशिष्टात दिलेल्या भागांपुरता आहे, आणि त्यात मुख्यतः शहरं-नगरं आहेत. म्हणून आपलं गाव त्यात आहे का, हे वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा. नसेल तर १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा लागतो. त्यात महिन्याच्या बोलीवरची जागा पंधरा दिवसांच्या नोटिशीने संपवता येते. यूट्यूबवर मुंबई-पुण्याचे व्हिडिओ बघून "मला कोणी काढूच शकत नाही" म्हणणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं.

तरीही नोटीस दिली म्हणून मालकाला कुलूप लावता येत नाही. कृष्णा राम महाले विरुद्ध शोभा व्यंकट राव या १९८९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की, ज्याचा जागेवर स्थिर ताबा आहे त्याला, राहण्याचा हक्क उरला नसला तरी, कायद्याच्या मार्गानेच काढावं लागतं. जबरदस्तीने बाहेर काढलंच, तर विनिर्दिष्ट अनुतोष कायदा, १९६३ च्या कलम ६ खाली ताबा परत मागता येतो. मुदत फक्त सहा महिने, म्हणून "बघू, मिटेल" म्हणत बसू नका. विजेचंही तसंच. मालक ना-हरकत देत नाही एवढ्यावरून भाडेकरूला वीज नाकारता येत नाही, अर्जदाराचा जागेवर ताबा आहे का एवढंच बघायचं, असं दिलीप विरुद्ध सतीश या २०२२ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय. ताब्याचा पुरावा म्हणजे तुमची कागदं: दुकानाची नोंदणी, उद्यम प्रमाणपत्र, त्या पत्त्यावर आलेली मालाची बिलं.

त्या दिवशी सकाळी करायचं ते एवढंच: फोटो, व्हिडिओ, दोन शेजाऱ्यांची नावं. धमकी किंवा मारहाण असेल तर ११२. पोलीस ठाण्यात अर्ज लेखी द्या आणि प्रतीवर पोच घ्या. कुलूप तोडू नका, भाडं अडवू नका, आणि हातातली किल्ली देऊ नका.

करार महाग असतो हा गैरसमज आहे. लिव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. तीन हजार भाडं, वीस हजार अनामत, तीन वर्षं असा हिशोब धरला (अनामतीवर वर्षाला दहा टक्के धरतात) तर तीनशे रुपयांच्या आसपास, वर ग्रामीण भागातली नोंदणी फी पाचशे. माझा एका बाजाराचा तोटा याच्या कितीतरी पट होता. मात्र लिव्ह अँड लायसन्स ही वापराची परवानगी असते, भाडेपट्ट्याइतका भक्कम हक्क त्यात नाही. म्हणून मुदतीआधी काढायचं तर किती महिन्यांची नोटीस, हे त्यात लिहून घ्याच. मी तीन महिने लिहून घेतले, बदल्यात भाडं थोडं वाढवून दिलं. मालक तेच आहेत, चहाही घेतो आम्ही.

आपल्या भागातली आणखी एक गोष्ट. जमीन आदिवासी खातेदाराची आणि भाडेकरू बिगरआदिवासी असेल, तर पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्यालाही जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. जमीन महसूल संहितेचं कलम ३६ अ. त्यामुळे अनामत देण्याआधी सातबारा किंवा ग्रामपंचायतीचा नमुना ८ बघा. नाव कुणाचं आहे ते कळू द्या.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून घरी बसू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे अनुसूचित जमाती, अनुसूचित जाती आणि महिला यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. जाताना जातीचा दाखला, फोटो, पत्राची प्रत आणि भाडं दिल्याचे पुरावे एका फाईलमध्ये तारखेप्रमाणे लावून न्या.