मुळशीचा कातळ, चंद्राचा दगड

अपोलो म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना रॉकेट आठवतं. ११० मीटर उंचीचं सॅटर्न-५, त्याचा थ्रस्ट, त्याच्या स्टेजेस. मेकॅनिकलवाल्यांचा तर हा खास आवडता विषय. पण एवढा खटाटोप करून त्यांनी आणलं काय? दगड. सहा वेळा उतरून मिळून ३८२ किलो दगडमाती. आणि गंमत म्हणजे त्यातला बराचसा माल आपल्या मुळशीत पायाखाली पडलेल्या दगडाच्याच जातीचा आहे. बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण.

इतिहास थोडक्यात सांगतो, तो सगळीकडे मिळतो. डिसेंबर १९६८ मध्ये अपोलो ८ मधून तिघे चंद्राला फेऱ्या मारून आले. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ उतरलं. आर्मस्ट्राँगने पाऊल ठेवलं तेव्हा आपल्याकडे २१ जुलैच्या सकाळचे साधारण साडेआठ वाजले होते. (त्याच वर्षी ऑक्टोबरात हे तिघे मुंबईला येऊन गेले.) एप्रिल १९७० मधलं अपोलो १३ न उतरताच परत आलं, आणि डिसेंबर १९७२ च्या अपोलो १७ बरोबर खेळ संपला. एकूण २४ जण चंद्रापर्यंत गेले, चालले त्यातले १२.

आता दगडाकडे वळू. ताम्हिणी घाटात गाडी थांबवून समोरची भिंत नीट पाहा. एकावर एक थर दिसतील. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून लाव्हा वाहत आला, थंड झाला, त्यावर पुढचा आला. चंद्रावरचे जे काळे डाग आपल्याला सशासारखे दिसतात, तेही असेच लाव्ह्याने भरलेले प्रचंड खड्डे. फक्त अपोलो ११ ने आणलेला बेसॉल्ट ३६० ते ३९० कोटी वर्षांपूर्वीचा निघाला. त्याच्यापुढे आपला सह्याद्री म्हणजे कालचं पोर!

जात एक, पण स्वभाव वेगळा. आपल्या बेसॉल्टमध्ये वायूचे बुडबुडे अडकून ज्या पोकळ्या राहिल्या, त्यात पुढे पाणी झिरपलं आणि पांढरे झिओलाइटचे स्फटिक वाढले. चंद्राच्या दगडातल्या पोकळ्या रिकाम्याच. आपला दगड पावसाने कुजतो, तांबूस होतो, त्याचा मुरूम होतो. चंद्राच्या दगडात मात्र शुद्ध लोखंडाचे बारीक कण कोट्यवधी वर्षं जवळपास न गंजता बसलेले सापडले. चंद्रावर मुरूम नाही. तिथे जी माती आहे ती उल्कांनी ठोकून ठोकून केलेली भुकटी. 'चंद्र ठणठणीत कोरडा' हे मत अनेक वर्षं चाललं. २००८ मध्ये अपोलोनेच आणलेल्या काचेच्या मण्यांत अत्यल्प पाण्याचा अंश सापडला, आणि २००९ मध्ये आपल्या चांद्रयान-१ वरच्या उपकरणाच्या नोंदींतूनही पाण्याच्या खुणा जाहीर झाल्या. तेव्हा कुठे ते मत बदललं.

या दगडांचा अभ्यास फक्त अमेरिकेत झाला असं समजू नका. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल यांच्या गटाने अपोलोचे नमुने तपासले. नरेंद्र भंडारी त्या गटात होते, पुढे चांद्रयान-१ च्या वैज्ञानिक आखणीत त्यांचं नाव येतं. पद्धत आपल्या लॅबच्या मुलांनाही समजेल अशी आहे. वैश्विक किरणांतले लोखंडासारखे जड अणुकेंद्रक खनिजाच्या स्फटिकात घुसतात आणि जाताना वाटेतली रचना मोडून ठेवतात. ही वाट इतकी बारीक असते की साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसत नाही. म्हणून स्फटिक घासून गुळगुळीत करायचा आणि कॉस्टिक सोड्यासारख्या द्रावणात उकळायचा. मोडलेला भाग आधी विरघळतो, वाट रुंद होते आणि रेघ दिसायला लागते. मग रेघा मोजत बसायचं. रेघा दाट म्हणजे दगड पृष्ठभागाजवळ बराच काळ पडून होता; खोलवर गाडलेल्या दगडात त्या विरळ. म्हणजे तो दगड उघड्यावर किती काळ होता याचा हिशेब लागतो. मुळशीच्या दगडावर हा प्रयोग करून असं काही मिळणार नाही, कारण डोक्यावरचं वातावरण हे किरण अडवतं.

आणखी एक मऱ्हाटी दुवा म्हणजे बुलढाण्याचं लोणार. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर उल्कापाताने झालं, तेही आपल्याच दख्खनच्या बेसॉल्टमध्ये. पृथ्वीवर बेसॉल्टमधली आघात-विवरं फारच थोडी, आणि चंद्राच्या काळ्या भागात तर सगळी बेसॉल्टमधलीच. म्हणून अपोलोच्या काळातच स्मिथसोनियन आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मंडळींनी तळाशी भोकं पाडून नमुने काढले. १९७३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आघाताने झालेली काच आणि गोळ्या चंद्राच्या मातीतल्यांशी जुळत होत्या.

आता माझं मत. 'यंत्र पाठवलं असतं तरी चाललं असतं' असं आपल्या मेसमध्ये हमखास ऐकायला मिळतं. मला ते अर्धंच पटतं. आर्मस्ट्राँगला शेवटी पेटीत जागा रिकामी दिसली, म्हणून त्याने आठ-नऊ फावडी माती भरली. कार्यक्रमात तसं काही ठरलेलं नव्हतं. त्या मातीत पांढरे बारीक तुकडे निघाले, अॅनॉर्थोसाइटचे. हा हलका खनिजांचा दगड, म्हणजे वितळलेल्या रसावर साय धरावी तसा वर आलेला. त्यावरून जॉन वुड आणि इतरांनी जानेवारी १९७० मध्ये मांडलं की चंद्र सुरुवातीला वरून खोलवर वितळलेला होता. आजही चंद्राच्या जन्माचा विचार इथूनच सुरू होतो.

दुसरं उदाहरण अपोलो १६ चं. एप्रिल १९७२ मध्ये यंग आणि ड्यूक डेकार्तच्या डोंगराळ भागात उतरले ते ज्वालामुखीचे दगड आणायला. फोटोंवरून तज्ज्ञांनी तसंच सांगितलं होतं. दोघांना हाताशी मिळाले ते आघाताने फुटून पुन्हा चिकटलेले दगड. ज्वालामुखी नव्हताच.

दुसरी बाजूही खरी आहे. ही मुळात रशियाशी शर्यत होती, भूशास्त्र मागाहून शिरलं. बारा जणांत प्रशिक्षित भूवैज्ञानिक एकच, हॅरिसन श्मिट, तोही शेवटच्या यानात. त्याने नारिंगी माती ओळखली. ती प्राचीन लाव्ह्याच्या कारंज्यातून उडालेली काच निघाली. पाणी सापडलेले मणी याच जातीचे. दगड वाचायला लोक शिकले आणि पैसे आटले. अपोलो १८, १९, २० रद्द.

मात्र सगळे नमुने तेव्हाच फोडले नाहीत, हे शहाणपण केलं. उपकरणं सुधारतील म्हणून काही बाजूला ठेवले. अपोलो १७ मध्ये जमिनीत ठोकलेल्या दुहेरी नळीचा वरचा भाग २०१९ मध्ये उघडला, आणि चंद्रावरच निर्वातात सील केलेला खालचा भाग मार्च २०२२ मध्ये. आत अडकलेला वायू आधी ओढून घेतला, मग माती काढली. ते काम करणाऱ्यांत काही जण असे होते की नळी ठोकली तेव्हा त्यांचा जन्मही झालेला नव्हता.