दुर्गाबाईंची पुस्तके

पुस्तक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? एखाद्याला पोथी आठवते. एखाद्याला मुलांचे शाळेचे पुस्तक आठवते. पुस्तकात मोठमोठ्या गोष्टी असतात, शहाण्या माणसांच्या गोष्टी असतात, असे आपण धरून चालतो. आपल्या चुलीवरची भाजी, आपल्या रानातला पळस, आजीने सांगितलेली चिमणी-कावळ्याची गोष्ट, हे कशाला कोण पुस्तकात लिहील?

पण लिहिणारी एक बाई होऊन गेली. तिचे नाव दुर्गा भागवत. लोक त्यांना दुर्गाबाई म्हणत.

दुर्गाबाईंचा जन्म १० फेब्रुवारी १९१० रोजी इंदूरला झाला. मुंबईत त्यांचे कॉलेजचे शिक्षण झाले. संस्कृत, पाली अशा जुन्या भाषा त्या शिकल्या. पाली म्हणजे बौद्धांचे जुने ग्रंथ ज्या भाषेत आहेत ती भाषा. त्यांची धाकटी बहीण कमला सोहोनी. त्यांनी १९३९ साली विलायतेत केंब्रिजला शास्त्रातली मोठी पदवी मिळवली. पुढे त्यांनी डाळी-कडधान्यांत आणि नीरेत पोषण किती असते, ते प्रयोग करून तपासले. म्हणजे पाहा, एक बहीण प्रयोगशाळेत खाण्यापिण्याचा शोध घेत होती. दुसरी कुठे गेली?

दुसरी रानात गेली. मध्य प्रदेशात गोंड लोक राहतात. त्यांच्या चालीरीती, गाणी, गोष्टी समजून घ्यायला दुर्गाबाई त्यांच्या गावांतून फिरल्या. वाटा जंगलातल्या. मिळेल ते खायचे, मिळेल तिथे निजायचे. अशाच एका फेरीत त्यांच्या खाण्यात विषारी सुरण आला. जीव वाचला, पण ते दुखणे कित्येक वर्षे पुरले. रानातली भटकंती थांबली. जी पदवी मिळवायची म्हणून एवढा खटाटोप चालला होता, तीही राहून गेली.

इथे जरा सुरणाविषयी बोलू. सुरण चिरताना हाताला खाज सुटते, घशाला खवखवते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. सुरणात डोळ्यांना न दिसणारे, सुईसारखे टोकदार कण असतात. ते कातडीत आणि घशात टोचतात. म्हणून आपल्याकडे बायका सुरण उकडताना चिंच घालतात किंवा आमसूल टाकतात. आंबटाने ती खाज कमी होते. बागेतल्या सुरणापेक्षा रानातला सुरण फार जहाल असतो. काही रानकंद तर असे, की चकत्या करून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवल्याशिवाय तोंडात घालता येत नाहीत. कोणता कंद कसा खायचा, हे रानातल्या बायांना तोंडपाठ असते. ते कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. आणि ही माहिती जिवाची आहे बरं का! चुकले तर माणूस जायचा.

दुर्गाबाईंनी पुढे काय केले? माणूस म्हणाला असता, पुरे झाले ते रान. त्यांनी तसे म्हटले नाही. ‘महानदीच्या तीरावर’ ही कादंबरी त्यांनी लिहिली. कादंबरी म्हणजे मनाने रचलेली मोठी गोष्ट. शिवाय बंगाल, काश्मीर, डांग अशा कितीतरी मुलखांतल्या लोककथा मराठीत आणल्या. संताळ लोकांच्या कथा आणल्या. लोककथा म्हणजे कोणी एकाने न लिहिलेली, तोंडोतोंडी चालत आलेली गोष्ट. ती सांगणाऱ्याला अनेकदा अक्षरओळख नसते. पण गोष्ट त्याची असते, आणि ती टिकते.

मग १९५६ साली आले ‘ऋतुचक्र’. माझ्या मते नव्याने वाचायला शिकलेल्या माणसाने हे पुस्तक जरूर उघडून पाहावे. भाषा काही ठिकाणी अवघड आहे, हे आधीच सांगून ठेवतो. पण विषय आपल्या दारातला आहे. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत बारा महिने, आणि एकेका महिन्याला एकेक लेख. त्या महिन्यात आभाळ कसे असते, झाडांना काय होते, पाखरे काय करतात, ते सगळे त्यात आहे. तुम्ही म्हणाल, हे आम्ही रोजच बघतो. खरे आहे. पळस फुलतो तेव्हा त्याच्या अंगावर पान नसते, माघात आंब्याला मोहोर येतो, हे शेतकऱ्याला कुणी सांगायला नको. पण बघितलेले शब्दांत मांडणे ही वेगळी गोष्ट आहे. ते जमले की दुसऱ्यालाही आपल्या डोळ्यांनी बघता येते.

महाभारतातल्या माणसांवर त्यांचे ‘व्यासपर्व’ नावाचे पुस्तक १९६२ साली आले. कीर्तनात ऐकलेली द्रौपदी, भीष्म, अश्वत्थामा इथे पुन्हा भेटतात, पण देव किंवा राक्षस म्हणून नव्हे. आपल्यासारखी दुःखे असणारी माणसे म्हणून.

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात प्रवरा नदीच्या काठी नेवासे गाव आहे. तिथे एक दगडी खांब आहे. या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली, अशी श्रद्धा आहे. त्याला पैसाचा खांब म्हणतात. हा पैसा बाजारातला नव्हे! पैस म्हणजे ऐसपैस, मोकळी जागा. त्या खांबावर दुर्गाबाईंनी लेख लिहिला, आणि तेच नाव पुस्तकाला दिले, ‘पैस’. प्रवासाची पुस्तके पुष्कळ असतात. कुठे उतरलो, काय खाल्ले, तिकीट किती पडले, असे त्यांत असते. इथे एका खांबापुढे उभे राहून बाई सातशे वर्षांमागे जाऊन येतात. या पुस्तकाला १९७१ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

आणि एवढी विद्वान बाई, तिने स्वयंपाकाचेही पुस्तक लिहिले! त्याचे नाव ‘खमंग’. नाव वाचूनच भाजणीचा वास यावा. त्या स्वतः सुगरण होत्या. काही लोकांना वाटते, ग्रंथ लिहिणाऱ्याने चुलीत डोके कशाला घालावे? मला ते पटत नाही. ज्या बाईला एका सुरणाने अंथरुणाला खिळवले, तिला अन्न किती मोठे आहे हे पक्के कळले असणार. शिवाय पाककृती लिहिणे सोपे नसते. घरी आपण म्हणतो, ‘अंदाजाने मीठ घाल.’ हा अंदाज कागदावर कसा उतरवायचा? किती वाट्या, किती वेळ, आच मंद की मोठी, सगळे सांगावे लागते. नाहीतर वाचणारीची भाजी बिघडते आणि शिव्या लिहिणारीला बसतात.

आता थोडे वेगळे सांगायचे आहे. २५ जून १९७५ रोजी देशात आणीबाणी आली. सरकारविरुद्ध बोलण्या-लिहिण्यावर बंधने पडली. वर्तमानपत्रांतला मजकूर छापण्याआधी तपासला जाऊ लागला. पुष्कळांना विनाचौकशी तुरुंगात टाकले. त्याच वर्षी कऱ्हाडला मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होत्या दुर्गाबाई. समोर मंत्री बसलेले. अशा वेळी पुष्कळजण गोड बोलून मोकळे होतात. दुर्गाबाईंनी लेखकाच्या स्वातंत्र्याची बाजू भर सभेत मांडली. जयप्रकाश नारायण तेव्हा फार आजारी होते. त्यांनीच सरकारविरुद्ध मोठी चळवळ केली होती. त्यांच्या प्रकृतीसाठी दुर्गाबाईंनी लोकांना प्रार्थना करायला लावली.

पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. कुठे झाली ठाऊक आहे? मुंबईच्या एशियाटिक ग्रंथालयात, पुस्तकांच्या संगतीत. तिथून त्यांची रवानगी तुरुंगात झाली. वय सहासष्ट. १९७७ च्या मार्चमध्ये आणीबाणी उठली. नंतर त्यांनी सरकारी मानसन्मान घेतले नाहीत.

१९९१ साली ‘आठवले तसे’ हे त्यांचे आठवणींचे पुस्तक आले. ७ मे २००२ रोजी मुंबईत त्या वारल्या.

गावच्या वाचनालयात यांतले एखादे पुस्तक असेल तर मागून घ्या. ‘ऋतुचक्र’ मिळाले तर पहिल्या पानापासून वाचलेच पाहिजे असे नाही. सध्या कोणता महिना चालू आहे, ते पंचांगात बघा आणि तेवढाच लेख काढा. एक पान वाचून झाले की बाहेर येऊन झाडाकडे बघा, लिहिले तसे आहे का ते.

वहीत लिहा:

तुमच्या घरी सुरणाची खाज कशी काढतात? काय घालता, किती घालता, किती वेळ उकडता? घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारून, ती सांगेल तसेच लिहा.