पंपिंग साठ टक्के, तरीही हार्ट फेल्युअर?

‘हार्ट फेल झालं’ असं आपल्याकडे मृत्यूची बातमी देताना म्हणतात. त्यामुळे चालत्याबोलत्या माणसाच्या कागदावर ‘हार्ट फेल्युअर’ दिसलं की घरच्यांचं धाबं दणाणतं. पण यात हृदय बंद पडलेलं नसतं. शरीराला हवं तितकं रक्त ते पुरवू शकत नाही, किंवा आतला दाब वाढवूनच पुरवतं. हा दाब मागे फुप्फुसांत आणि शिरांत साठतो. म्हणून जिना चढताना धाप लागते, आडवं झाल्यावर श्वास कोंडतो, पाय सुजतात. २०२१ साली अमेरिका, युरोप आणि जपानमधल्या तज्ज्ञ संघटनांनी ठरवलेल्या व्याख्येत तीन गोष्टी जुळाव्या लागतात: अशी लक्षणं, त्यांच्या मुळाशी हृदयाच्या रचनेतला किंवा कामातला बिघाड, आणि पुरावा म्हणून हृदयावर ताण आल्यावर रक्तात वाढणारं बीएनपी किंवा एनटी-प्रोबीएनपी, नाहीतर तपासणीत दिसलेला रक्ताचा तुंबारा. एकोमधला (हृदयाच्या सोनोग्राफीतला) पंपिंगचा आकडा कमीच असला पाहिजे अशी अट यात नाही, आणि ते योग्यच आहे.

पंपिंग साठ टक्के असताना हृदय कमजोर कसं, असं रुग्ण विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण हे परीक्षेचे गुण नव्हेत. हृदयाच्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती बाहेर पडलं, एवढंच ते प्रमाण सांगतं. १२० मिलिलिटरचे साठ टक्के ७२ होतात, ८० मिलिलिटरचे ४८. वय, रक्तदाब, मधुमेह, लठ्ठपणा यांनी ताठरलेला कप्पा सैल पडत नाही. तो कमी भरतो, किंवा दाब चढल्यावरच भरतो. हार्ट फेल्युअरच्या जवळपास निम्म्या रुग्णांत हा आकडा पन्नास किंवा त्याहून जास्त असतो. आकडा निरुपयोगी मुळीच नाही. औषधं त्यावरून ठरतात. मात्र निदान त्याच्यावर सोडलं, तर हे निम्मे रुग्ण ‘वयामुळे दम लागतो’ एवढं ऐकून घरी जातील.

मग प्रत्येक धाप हार्ट फेल्युअरच ठरेल, ही शंकाही खरी आहे. रक्तक्षय, दमा, वाढलेलं वजन यांनीही दम लागतो. म्हणूनच पुराव्याची अट आहे. तीही डोळे मिटून लावता येत नाही: लठ्ठ माणसांत बीएनपी कमी दिसतं, मूत्रपिंडाच्या आजारात वाढलेलं. आणि उपचारांनी पंपिंगचा आकडा तीसवरून पन्नासवर आला, तरी वैद्यकीय भाषेत त्याला ‘सुधारलेलं’ म्हणतात, ‘बरं झालेलं’ नाही. गोळ्या मनाने थांबवू नका. अशा सावरलेल्या रुग्णांची औषधं देखरेखीखाली थांबवली, तेव्हाही सहा महिन्यांत सुमारे चाळीस टक्के जणांचा आजार उलटला होता.