यंत्रात दडलेला संगणक

संगणक म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर पडदा आणि कळफलक येतो. पण कित्येक संगणकांना यांपैकी काहीच नसते. मोटारगाडीत, कारखान्यात, रुग्णालयातील उपकरणांत लहान लहान संगणक बसवलेले असतात. त्यांना अंतःस्थापित संगणक म्हणतात. नेमून दिलेले काम ते रात्रंदिवस करत राहतात.

हे काम आज्ञावलीनुसार चालते. 'व्हीएक्सवर्क्स' ही अशीच एक आज्ञावली. अमेरिकेतील विंड रिव्हर या कंपनीने ती १९८७ साली बाजारात आणली. मंगळावर २०१२ साली उतरलेल्या 'क्युरिऑसिटी' या गाडीतही तीच आहे.

जुलै २०१९ मध्ये आर्मिस या कंपनीच्या संशोधकांनी या आज्ञावलीतील ११ दोष जाहीर केले. संदेशांची देवाणघेवाण करणाऱ्या भागात हे दोष होते. त्यांपैकी ६ दोषांमुळे दूरवरून यंत्राचा ताबा घेता येत असे. उरलेल्यांपैकी काही दोष यंत्राचे काम बंद पाडणारे होते. अशा हल्ल्याला 'डिनायल ऑफ सर्व्हिस', म्हणजे सेवा बंद पाडणे, असे म्हणतात. येथे हल्लेखोर काही चोरत नाही. तो चालू काम थांबवतो.

एक दोष समजून घेऊ. दोन यंत्रांच्या संभाषणात प्रत्येक संदेशावर पत्ता आणि क्रमांक असतो. हा क्रमांक बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतो. आता कल्पना करा, की एका कचेरीत पत्र आले. पत्ता बरोबर, पण मजकूर वेडावाकडा! शहाणा कारकून क्रमांक तपासील आणि ते पत्र बाजूला ठेवील. ही आज्ञावली मात्र क्रमांक न पाहताच चालू असलेला खरा पत्रव्यवहार तोडून टाकत असे.

यात काय बिघडले, असे तुम्हांला वाटेल. पण रुग्णाच्या खाटेशेजारचे यंत्र त्याच्या नाडीचे ठोके परिचारिकेच्या खोलीत कळवत असते. तो संपर्क ऐन वेळी तुटला तर? म्हणूनच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १ ऑक्टोबर २०१९ रोजी रुग्णालयांना सावध केले. तोपर्यंत कोणाला इजा झाल्याची नोंद त्यांच्याकडे नव्हती.

विंड रिव्हरने आज्ञावली दुरुस्त केली. पण दुरुस्ती तयार होणे वेगळे आणि ती प्रत्येक यंत्रापर्यंत पोहोचणे वेगळे. रुग्णालयातील यंत्र केव्हाही बंद करता येत नाही. शिवाय तो सदोष भाग मुळात इंटरपीक या स्वीडनमधील कंपनीचा होता. विंड रिव्हरने ती कंपनी २००६ साली विकत घेतली. त्यापूर्वी तो भाग इतरांनाही विकला गेला होता. आपल्या यंत्राच्या पोटात कोणाची आज्ञावली आहे, हे ग्राहकाला सहसा ठाऊक नसते.

घर बांधणारा पायाच्या प्रत्येक दगडाची पारख करतो. यंत्र बनवणाऱ्यानेही आतल्या प्रत्येक भागाची पारख केली पाहिजे आणि त्याची नोंद ठेवली पाहिजे. चुकीचा संदेश आला तरी खरे काम चालू राहिले, तरच ते यंत्र भरवशाचे.

स्वाध्याय

१. अंतःस्थापित संगणक कोठे कोठे असतात?
२. सेवा बंद पाडणे आणि चोरी करणे यांत कोणता फरक आहे?
३. दुरुस्ती तयार होऊनही धोका लगेच का संपला नाही?
४. वाक्यात उपयोग करा : ताबा घेणे, सावध करणे, पारख करणे.