छताची नक्षीपट्टी : बोललेला भाव आणि घरात पडलेला भाव

धान्याच्या घाऊक व्यापारात एक गोष्ट पहिल्या वर्षीच कळते. बाजारात बोललेला भाव निराळा आणि माल वखारीत येऊन पडल्यावरचा भाव निराळा. या दोहोंच्या मध्ये बारदान, हमाली, तोलाई, अडत, गाडीभाडे आणि तूट उभी असतात. चाळीस वर्षे हे गणित रोज करणाऱ्या प्रस्तुत लेखकाने, मुलाच्या नव्या घराच्या छताला नक्षीपट्टी लावण्याच्या प्रसंगी मात्र ते मुळीच केले नाही. आपल्या सभासद बंधूंपैकी पुष्कळांच्या घरी नवी बांधकामे वा दुरुस्त्या चालू असतात. म्हणून तो हिशेब येथे मांडण्याचे धाडस करतो. लेखक मॅट्रिकपर्यंत शिकलेला व्यापारी आहे, स्थापत्यशास्त्री नव्हे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

भिंत आणि छत जेथे मिळतात तो सांधा कधीही सरळ नसतो. तो झाकणे हे या पट्टीचे मूळ काम. शोभा ही त्यानंतरची. आपल्या सुरतेच्या जुन्या घरांत सागवानी तुळयांवर तक्तपोशी असे आणि तुळई भिंतीत शिरते तेथे कोरीव लाकूड बसवीत. डांगचे सागवान जवळ असल्याने ते साधत असे. शहापोर भागातील चिंतामणी पार्श्वनाथांच्या देरासरातील लाकडी कोरीवकाम व रंगचित्रे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे काम कोणत्या पायरीला पोहोचले होते हे सांगावयास नको. परंतु लाकडाला वाळवी लागते आणि आगही लागते. १८३७ च्या एप्रिलात लागलेल्या आगीने या शहरातील हजारो घरे खाक केली.

आज बहुतेक घरांत ही पट्टी प्लॅस्टर ऑफ पॅरिसची असते. कारागीर तिला ‘पीओपी’ म्हणतात. हे चूर्ण जिप्समपासून होते. पॅरिसजवळच्या मोंमार्त्र टेकडीत जिप्समच्या खाणी होत्या, त्यावरून ते नाव पडले. आपल्या देशातील जिप्सम मुख्यत्वे राजस्थानातून, बिकानेर-नागौर या बाजूने येते. आम्ही धान्याची आर्द्रता तपासतो, म्हणून या दगडातील पाण्याचे मला विशेष नवल वाटले. शंभर किलो शुद्ध जिप्सममध्ये सुमारे एकवीस किलो पाणी बांधलेले असते. तो सुमारे दीडशे अंशांवर भाजला की त्यातील तीन चतुर्थांश पाणी निघून जाते; मग कारागीर चुर्णात पाणी मिसळतो, तेव्हा ते पाणी पुन्हा बांधले जाते आणि थोड्याच मिनिटांत लगदा दगडासारखा घट्ट होतो. घट्ट होताना तो किंचित फुगतो, त्यामुळे साच्यातील बारीकसारीक नक्षीही उठून येते. आग लागली तर हेच पाणी वाफ होऊन बाहेर पडते आणि काही काळ उष्णता अडवून धरते.

नुसता लगदा ठिसूळ असतो. १८५६ साली देसाशी नावाच्या फ्रेंच कारागिराने इंग्लंडात गोणपाट घालून ओतलेल्या प्लॅस्टरचे पेटंट घेतले, आणि मोठे पण हलके तुकडे ओतता येऊ लागले. आपल्याकडे काथ्या घालतात. आमच्या घरी आलेल्या कारागिराने माझ्या दुकानातील फाटकी पोती मागून नेली, तेव्हा बारदानाचा हा उपयोग मला प्रथमच कळला.

आता हिशेबाकडे वळू. चिरंजीवाच्या घरात दिवाणखाना अठरा फूट बाय बारा फूट आणि दोन शयनगृहे प्रत्येकी बारा बाय दहा. घेर अनुक्रमे ६०, ४४ व ४४, म्हणजे एकूण १४८ फूट. कंत्राटदाराने रनिंग फुटास ९० रुपये सांगितले. मी उभ्या उभ्या १३,३२० रुपयांचा आकडा काढला आणि होकार दिला. अंतिम बिल आले २७,६१० रुपयांचे, म्हणजे दुपटीहून अधिक!

प्रथम मला फसवणूक वाटली. पण बिल शांतपणे वाचल्यावर बरीचशी चूक माझीच निघाली. दिवाणखान्यात मधून एक बारा फुटी बीम जाते. तिच्या दोन्ही अंगांना पट्टी लागणार, म्हणजे २४ फूट वाढले. मी खाली मान घालून फरशी मोजली. वर पाहिलेच नाही. तेव्हा खरे माप १७२ फूट आणि रक्कम १५,४८० रुपये. कोपऱ्यांवर कापताना गेलेल्या १७ फुटांचे १,५३० रुपये कंत्राटदाराने निराळे लावले. पट्टीवरील पुट्टी व दोन हात रंग यांचे फुटामागे २५ रुपयांप्रमाणे ४,३०० रुपये झाले. परांची आणि चौथ्या मजल्यावर माल चढविण्याचे २,०००, कचरा उचलण्याचे ८०० आणि काम करताना डागाळलेल्या भिंती पुन्हा रंगविण्याचे ३,५०० रुपये. एकंदर फुटाला १६० रुपयांहून किंचित अधिक पडले. यातील कापातील तुटीविषयी माझी आजही तक्रार आहे. आमच्या धंद्यात तूट कोणाच्या अंगावर हे सौद्याच्या वेळीच ठरते. येथे ते बिलात ठरले.

मापाविषयी एक बारकावा पुष्कळांस ठाऊक नसतो. खोलीच्या कोपऱ्यात खांब पुढे आला असेल, तर पट्टीची लांबी एक इंचही वाढत नाही. कागदावर चौकोनाचा कोपरा आत दुमडून पाहावे. पण जेथे एक कोपरा होता तेथे तीन होतात, दोन आत वळणारे आणि एक बाहेर येणारा. पट्टीचे तुकडे तिरपे कापून जोडण्यात कारागिराचा वेळ जातो आणि माल वाया जातो, तो येथेच. खांब भिंतीच्या मध्यावर असेल तर मात्र लांबीही वाढते, खांब जितका पुढे आला असेल त्याच्या दुप्पट. म्हणून फुटांबरोबर कोपरेही मोजून घ्यावेत.

इथवरचा खर्च पैशांचा होता. पुढच्या पावसाळ्यात दुसरा खर्च समोर आला. मागच्या शयनगृहातील पट्टीवर पिवळसर डाग उमटला. वरच्या घरातील न्हाणीघराचे पाणी झिरपत होते आणि ज्या सांध्यावर ओल प्रथम दिसावयाची तोच आम्ही पैसे देऊन झाकला होता. एके दुपारी तीन फूट लांबीचा तुकडा पलंगाच्या उशीवर पडला. नात त्या वेळी शाळेत होती. रात्री ती त्याच उशीवर झोपत असे.

तुकडा उलटा करून पाहिला, तेव्हा त्याच्या पाठीला जुन्या रंगाचा पापुद्रा जसाच्या तसा चिकटलेला होता. भिंत खरवडून, टोचे मारून, ओली करून मग पट्टी बसवावी लागते. आमच्या येथे ती गुळगुळीत रंगावरच चिकटविली होती. आधाराला दोनच लोखंडी खिळे होते आणि ते गंजून गेले होते. ओलसर जिप्सममध्ये साधे लोखंड टिकत नाही. जस्ताचा मुलामा दिलेले वा पितळी स्क्रू लागतात. त्यांचा खर्च विचारला, तर संपूर्ण घराला दीड हजारही झाला नसता. कंत्राटदारास दोष देतोच. पण भाव करताना मी ‘फुटास किती’ एवढेच विचारले होते, ‘कशावर आणि कशाने बसविणार’ हे विचारले नव्हते. २००६ च्या ऑगस्टात तापीचे पाणी वखारीत शिरले, त्यानंतर भिंतींतील ओल कित्येक महिने हटली नव्हती. एवढे पाहिलेला माणूस घर घेताना भिंतीला हात लावून पाहात नाही, याला काय म्हणावे?

थर्मोकोलची पट्टी फार स्वस्त मिळते व नुसत्या डिंकाने चिकटते, असे चिरंजीवाने त्यानंतर सुचविले. ती वजनाने हलकी असते, पडली तरी इजा करीत नाही, हे खरे. परंतु ती पेटते आणि दाट काळा धूर सोडते. २४ मे २०१९ रोजी सरथाणा येथील तक्षशिला आर्केडच्या आगीत २२ जीव गेले, बहुतेक शिकणारी मुले. त्या दिवसापासून, जळणारी वस्तू निजायच्या खोलीत छताशी लावावी काय, हा प्रश्न मला भावाहून मोठा वाटतो. मी नकार दिला.

दिवाणखान्यातील पट्टी ठेवली आहे. दर दोन फुटांवर स्क्रू मारून घेतले आणि बीमेच्या दोन्ही बाजू ठोकून तपासल्या. जेथे पोकळ आवाज आला तेथील तुकडे उतरवून पुन्हा बसविले. या वेळी नव्या कारागिराकडून आधी कागद लिहून घेतला. त्यात लांबी, कोपरे, पट्टीची रुंदी, तूट कोणाची, रंग कोणाचा, परांची कोणाची, एवढे सर्व आले. तो हसला व म्हणाला, “शेठ, गहू विकत घेता आहात का?” मागच्या शयनगृहाची पट्टी उतरविली, ती अद्याप लावलेली नाही. वरच्या घराचे न्हाणीघर दुरुस्त झाले आहे. एक पावसाळा कोरडा जाऊ द्यावा, मग पाहू, असे सूनबाईंनी ठरविले आहे.