सार्वजनिक बाग आणि लोकांचे हात : एक अभ्यास

'सार्वजनिक' हा शब्द आपण मोठ्या चमत्कारिक अर्थाने वापरतो. सार्वजनिक नळ, सार्वजनिक रस्ता, सार्वजनिक बाग असे म्हणताना आपल्या मनात 'सर्वांचा' हा अर्थ क्वचितच असतो. 'म्युनिसिपालटीचा' हाच अर्थ बहुधा अभिप्रेत असतो. जे म्युनिसिपालटीचे, त्याची काळजी म्युनिसिपालटीने करावी, आपण फक्त त्याचा उपभोग घ्यावा व ते बिघडले की तक्रार करावी, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. या समजुतीला काही ठिकाणी छेद देणारे प्रयत्न होत आहेत. रहिवासी एकत्र येऊन आपल्या भागातील बागेची निगा राखीत आहेत. अशा प्रयत्नांचे सामर्थ्य कशात आहे आणि त्यांच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

समाजशास्त्राच्या प्रकल्पासाठी मी आमच्या भागातील एक लहानशी बाग निवडली होती. जून ते मार्च या काळात दर रविवारी सकाळी तेथे काम करणाऱ्या रहिवाशांच्या गटात मीही सामील झाले. वाचनाला या अनुभवाची जोड मिळाली, म्हणूनच हे लिहिण्याचे धाडस करीत आहे.

सामायिक मालमत्तेचा प्रश्न

१९६८ मध्ये गॅरेट हार्डिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने एक प्रसिद्ध निबंध लिहिला. गावच्या सामायिक कुरणात प्रत्येक गुराखी स्वतःच्या लाभासाठी एकेक जनावर वाढवीत जातो. त्याचा लाभ त्याला एकट्याला मिळतो, तोटा मात्र सर्वांत वाटला जातो. शेवटी कुरणच नष्ट होते. यावर उपाय दोनच, असे त्या वेळी मानले गेले. एक तर कुरण खासगी मालकीचे करावे, नाही तर सरकारच्या ताब्यात द्यावे.

एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने या निष्कर्षाला आव्हान दिले. स्वित्झर्लंडमधील डोंगरी कुरणे, स्पेनमधील पाटपाण्याच्या संस्था, जपानमधील गावरान अशी उदाहरणे अभ्यासून तिने १९९० मध्ये आपला ग्रंथ सिद्ध केला. लोक स्वतः नियम करून सामायिक संपत्ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळू शकतात, हे तिने दाखवून दिले. मात्र त्यासाठी काही अटी असतात. हद्द स्पष्ट हवी. ज्यांना नियम पाळायचे आहेत त्यांचाच नियम करण्यात वाटा हवा. देखरेख आपसांत हवी. चुकणाऱ्याला आधी सौम्य व मग कडक शिक्षा हवी. तंटा मिटविण्याची सोय जवळ हवी, आणि सरकारने या व्यवस्थेला मान्यता द्यावयास हवी. २००९ मध्ये तिला अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळविणारी ती पहिली स्त्री होय.

बाग आणि कुरण यांत एक फरक आहे. गाईने खाल्लेले गवत दुसऱ्या गाईला मिळत नाही, परंतु मी बकुळीच्या सावलीत बसले म्हणून ती सावली कमी होत नाही. बागेत कमतरता पडते ती निगराणीची. सावलीला सर्व येतात, पाणी घालायला कोणी येत नाही. मॅन्सर ओल्सन याने १९६५ मध्ये या फुकट्या वृत्तीचे विवेचन केले होते. आपल्या वाट्याचे काम न करताही लाभ मिळत असेल, तर मनुष्य स्वस्थ बसणे पसंत करतो. तेव्हा खरा प्रश्न असा की, अशा स्थितीतही काही माणसे खुरपे घेऊन का येतात?

आपल्याकडील परंपरा

याचे उत्तर शोधायला दूर जावयास नको. आपल्या खेड्यांत 'इर्जिक' होती. एखाद्याच्या शेतावर शेजारी आपापले बैल व औते घेऊन येत, काम एका दिवसात उरकत आणि यजमान सर्वांना जेवू घाली. 'सावड' म्हणजे तर श्रमांची सरळ परतफेड. या प्रथांत पैसा नव्हता, पण हिशेब होता. आज मी तुझ्याकडे आलो, उद्या तू माझ्याकडे येशील.

दुसरे उदाहरण देवरायांचे. देवाच्या नावाने राखलेल्या या वनांतून काटकीसुद्धा न्यायची नाही, असा दंडक असे. वा. द. वर्तक व माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतील देवरायांचा शास्त्रीय अभ्यास केला व या श्रद्धेमुळे किती दुर्मिळ वनस्पती टिकल्या ते निदर्शनास आणले. तिसरे उदाहरण संत गाडगेबाबांचे (१८७६–१९५६). ज्या गावी कीर्तन, तेथे आधी खराट्याने गाव झाडायचे, हा त्यांचा परिपाठ. ते झाडू लागले की गावकऱ्यांनाही स्वस्थ बसवत नसे.

देवराईच्या मागे देवाचे भय होते, इर्जिकीमागे परतफेडीची खात्री होती, गाडगेबाबांच्या मागे त्यांचे चारित्र्य होते. शहरातील बागेत यांपैकी काहीही आपोआप मिळत नाही. तेथे नियम नव्याने घडवावे लागतात.

प्रत्यक्ष काम

आमच्या गटाने आरंभ केला तो गाजरगवतापासून. हे गवत फुलावर येण्यापूर्वी मुळासकट उपटावे लागते, नाही तर एकेका झाडापासून हजारो बिया पडतात. त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या अंगाला खाज सुटते, म्हणून हातमोजे हवेत. पहिल्या पावसानंतर जमीन मऊ असते तेव्हा हे काम सोपे जाते.

दुसरे काम पालापाचोळ्याचे. पूर्वी तो गोळा करून पेटवून देत असत. आम्ही कोपऱ्यात खड्डा घेतला. पाचोळ्याचा थर, त्यावर शेणकाला व थोडी माती, पुन्हा पाचोळा, असे भरत गेलो. ओल राखली व अधूनमधून खालवर केले, तर काही महिन्यांत काळे, भुसभुशीत खत तयार होते. ज्याला आपण केर म्हणत होतो तेच झाडांच्या आळ्यांत परत गेले.

तिसरे काम लागवडीचे. याविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. वृक्षारोपणाला माणसे पुष्कळ जमतात, कारण तो एका सकाळचा समारंभ असतो. रोपाची परीक्षा मात्र त्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात होते. आळे नीट राखणे, त्यावर पाचोळ्याचे आच्छादन घालणे, ठरल्या दिवशी झारीने पाणी देणे, या कामाला छायाचित्रकार येत नाही. आम्ही थोडीच झाडे लावली : बहावा, बकुळ, करंज, कडुनिंब. प्रत्येक रोप एकेका कुटुंबाच्या नावे वहीत लिहिले. ही वही फाटकाजवळच्या खोलीत सर्वांना दिसेल अशी ठेवलेली असे. कोणी पाणी घातले नाही हे न बोलता कळे. ऑस्ट्रॉमच्या 'आपसांतील देखरेखी'चा अर्थ मला ग्रंथापेक्षा या वहीत अधिक स्पष्ट झाला.

दुपारचे फाटक

जानेवारीच्या बैठकीत एक सूचना आली. दुपारी बाग बंद ठेवावी. बाहेरची माणसे येऊन बसतात, केर करतात, काही पोरे पत्ते कुटतात. आपण घाम गाळायचा तो यांच्यासाठी काय, असा सूर होता. सूचना करणारे गृहस्थ गटातील सर्वांत कष्टाळू सभासदांपैकी होते. त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होते.

प्रकल्पासाठी मी वेगवेगळ्या वेळी बागेत कोण येते याची टिपणे ठेवली होती. ती मी बैठकीत वाचून दाखविली. दुपारी येणाऱ्यांत धुण्याभांड्याची कामे करणाऱ्या बाया होत्या. एका घरचे काम आटोपून दुसऱ्या घरचे सुरू होईपर्यंत त्यांना टेकायला दुसरी जागा नव्हती. डबा खाणारे रिक्षावाले होते. घरात जागा नाही म्हणून पुस्तक घेऊन बसणारी मुले होती. त्यानंतर कोणीतरी माळीबुवांना विचारले. ते म्हणाले, "केर दुपारचा नाही ताई, संध्याकाळचा आहे. भेळेचे कागद बघा की."

वाद बराच वेळ चालला. अखेर फाटक उघडे ठेवायचे, दारात केराचा डबा ठेवायचा व संध्याकाळी पाळीपाळीने एकाने लक्ष द्यायचे असे ठरले. दोन कुटुंबांना हे रुचले नाही व ती पुढे येईनाशी झाली. त्यांची उणीव आम्हांला उन्हाळ्याच्या तोंडावर पाणी घालताना जाणवली. पण जो श्रम करतो त्याला मालकी मिळते, हे तत्त्व एकदा मान्य केले की 'सार्वजनिक' हा शब्दच पुसावा लागतो.

मर्यादा

माळीबुवांनी आरंभी आम्हांला विचारले होते, "तुम्ही फुकट काम करायला लागलात, तर माझी गरज काय राहिली?" हा प्रश्न मला कोणत्याही सिद्धान्ताहून मोलाचा वाटतो. १९४९ च्या महानगरपालिका कायद्याने उद्याने ही 'ऐच्छिक' कर्तव्यांत घातली. पुढे ७४ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) बाराव्या अनुसूचीत उद्याने व क्रीडांगणे नगरसंस्थांच्या कार्यांत समाविष्ट केली. लोकांच्या श्रमाचे निमित्त करून ही जबाबदारी झटकली जाण्याचा धोका आहे. म्हणूनच आमच्या गटाने माळ्याची दुसरी रिकामी जागा भरावी असा अर्ज दिला. उत्तर आले नाही, म्हणून पुन्हा दिला आहे.

न्यूयॉर्कचे सेंट्रल पार्क ८४३ एकरांचे. १९७० च्या दशकातील आर्थिक संकटात ते उजाड झाले. १९८० मध्ये नागरिकांची संस्था निघाली आणि देणग्या व स्वयंसेवक यांच्या बळावर तिने त्याचा कायापालट केला. मुंबईत ओव्हल मैदानाची निगा १९९० च्या दशकात तेथील रहिवाशांच्या संघटनेने अंगावर घेतली. २०१८ मध्ये त्या मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या इमारती जागतिक वारसा ठरल्या. ही उदाहरणे स्पृहणीय आहेत, परंतु दोन्ही ठिकाणचा शेजार संपन्न आहे. जेथे देणगीदार नाहीत तेथील बागेचे काय? उलट, मोकळ्या जागा खासगी संस्थांना सांभाळावयास देण्याच्या मुंबई महापालिकेच्या धोरणाला २०१६ मध्ये मोठा विरोध झाला व मुख्यमंत्र्यांनी त्यास स्थगिती दिली. सांभाळणारा हळूहळू मालक होतो, ही भीती त्यामागे होती. आमच्या छोट्या बैठकीतला वाद आणि मुंबईतला हा वाद जातीने एकच आहे.

निष्कर्ष

थोडक्यात, मला तीन गोष्टी जाणवल्या. पहिली, लोकांचे श्रम उत्साहाने सुरू होतात, पण टिकतात ते लहान, स्पष्ट व सर्वांना दिसणाऱ्या हिशेबावर. दुसरी, हे श्रम नगरसंस्थेच्या कामाला पूरक असावेत, त्याची जागा घेणारे नसावेत. तिसरी, बागेची परीक्षा तिच्या हिरवळीवरून न करता तेथे दुपारी कोणाला निःशंकपणे बसता येते यावरून करावी.

आपल्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचे पथक आहे. १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, ही योजना सुरू झाली. वृक्षारोपणाचा कार्यक्रम आपण दरवर्षी करतो. विद्यार्थी मित्रांना व प्राध्यापकांना माझी विनंती एवढीच की, यंदा एक कार्यक्रम एप्रिल-मेमध्येही ठेवावा. गेल्या पावसाळ्यात लावलेल्या रोपांना त्या वेळी पाण्याची गरज असते, आणि तेव्हा सुट्टी लागलेली असते.